बॉल पायथनची पेटी: आधी थर्मोस्टॅट, मग ऊब, सगळ्यात शेवटी साप

ताई, तुम्ही सांगितलंत ते असं: तुम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरला राहता. तुमच्या ऑफिसातल्या एक बाई देश सोडून चालल्या आहेत आणि त्यांचा तीन वर्षांचा बॉल पायथन (एक बिनविषारी आफ्रिकन अजगर) तुमचा १३ वर्षांचा मुलगा सांभाळणार आहे. सापासोबत चार फुटी लाकडी पेटी, एक हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आणि एक लाल बल्ब मिळतोय. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या आकड्यापुढे ऊब जाऊ न देणारं यंत्र, नाही. ‘मॅट नुसती कोमट होते, थर्मोस्टॅट कशाला?’ असं त्या म्हणाल्या, आणि ते तुम्हाला पटलं नाही म्हणून तुम्ही विचारताय.

तुम्हाला पटलं नाही हे फार बरं झालं. थर्मोस्टॅट लागतोच. तो घरात येऊन बसेपर्यंत मॅटही लावू नका आणि बल्बही लावू नका. साप आणायची तारीख १५ दिवस पुढे ढकला. त्या बाईंना घाई असेल तर त्यांना समजावून सांगा, पण पेटी तयार नसताना साप घरात घेऊ नका.

मी १८ वर्षं इंग्लंडमध्ये साप सांभाळतोय. त्यातले बरेचसे लोकांना नकोसे झालेले, आजारी अवस्थेत आलेले. त्यांच्यात दोन दुखणी पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे पोटाचे खवले भाजलेले. दुसरं म्हणजे गार पेटीत राहून छाती भरलेली, तोंडाशी बुडबुडे, श्वासाला घरघर. दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे ऊब कुणाच्या ताब्यात नव्हती.

माझा पहिला साप माझ्याच हातून भाजला. थर्मोस्टॅट होता, चांगला होता. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मी चिकटपट्टीनं मॅटवर चिकटवला होता. रात्री सापानं अंग घुसवलं, पट्टी सुटली आणि प्रोब पाण्याच्या भांड्यात जाऊन पडला. पाणी गार. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, म्हणून त्यानं रात्रभर मॅट पूर्ण चालू ठेवली. सकाळी साप तिथेच, मॅटवर वेटोळं घालून बसलेला. पोटावर हाताच्या पंज्याएवढा पट्टा लाल झालेला, दोन दिवसांनी त्यावर फोड आले. पशुवैद्याकडे खेपा, मलम, भुसा काढून नुसत्या कागदावर ठेवणं, आणि चार-पाच वेळा कात टाकल्यावर कुठे खवले जरा सारखे दिसू लागले. व्रण शेवटपर्यंत राहिला. त्या रात्री साप तिथून उठून का गेला नाही, हा प्रश्न मला बरेच महिने छळत होता.

त्याचं उत्तर कळलं की पेटी कशी मांडायची ते आपोआप कळतं. साप ऊब घेतो ती अंगाच्या आतलं तापमान वाढवायला. आपल्याकडे थंडीत सकाळी बांधावर धामण ऊन खात पडलेली तुम्ही पाहिली असेल. अंग तापलं की ती झुडपात सरकते, गार झालं की पुन्हा उन्हात येते. तिला दोन्ही जागा मिळतात आणि ऊन वरून, सगळ्या अंगावर सारखं पडतं. पेटीत मात्र हवा गार आणि फक्त एक चौकोन कडक गरम असेल तर साप त्या चौकोनाला चिकटून राहतो. पोटाची कातडी पोळत असते, पण आतलं शरीर अजून गारच असतं, म्हणून तो हलत नाही. शिवाय वेटोळं घालून बसलेला साप मॅटवर गोधडी टाकल्यासारखं काम करतो. ऊब वर निघून जात नाही आणि त्याच्याच अंगाखाली साठत जाते. थर्मोस्टॅटशिवाय चालणारी मॅट मी स्वतः मोजली आहे. वरून हाताला ती कोमट लागली, पण एक उशी ठेवून तासाभरानं मोजलं तर आकडा ५० अंशांच्या पुढे होता. ‘नुसती कोमट होते’ या म्हणण्यात एवढी मोठी चूक लपलेली असते.

आता तुमच्या पेटीकडे येतो.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आपल्या बाजारात येणारे बहुतेक घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातल्या सापांचे वंशज. तिकडे तो गवताळ रानात, उंदरांच्या बिळात आणि वारुळात दिवस काढतो. त्याला लपायला अंधारी, अंगाला घट्ट बसणारी जागा आणि बाहेर आल्यावर भरपूर ऊब, असं दोन्ही लागतं. पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी गार, हा त्या रानाचाच लहान नमुना समजा. आकडे असे ठेवा: गरम बाजूला जिथे तो अंग शेकणार त्या दगडाचा किंवा फरशीचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, गार टोकाला हवा २५ ते २७, आणि रात्री कुठलाही कोपरा २२ च्या खाली नको. तुमची पेटी चार फुटी म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर, खोली आणि उंची दोन-दोन फूट असेल तर या जातीच्या मोठ्या सापालाही बरी. याहून लहान पेटीत गरम आणि गार यांत फरकच राहत नाही, सगळं एकजिनसी तापतं.

ती मॅट तुमच्या पेटीत मुख्य ऊब म्हणून चालणार नाही. मॅट खालचा पृष्ठभाग तापवते, हवा जवळजवळ तापवत नाही. पेटी लाकडी असल्यामुळे खालून लावून ऊब आत यायची नाही, उलट लाकूड आणि मॅट यांच्यामध्ये ती कोंडेल. आत लावून वर जाड भुसा टाकला तरी तेच. जानेवारीत रात्री हीटिंग बंद झाल्यावर इथल्या घरातली खोली १५-१६ अंशांवर येते, तेव्हा मॅटवरचा साप पोटाला गरम आणि पाठीला गार असाच राहणार. मॅट फेकू नका, सापाला द्यायचा गोठवलेला उंदीर फ्रीझरमधून बाहेर काढून उबदार करायला किंवा आजारी सापाच्या छोट्या डब्याला ती उपयोगी पडते. तेव्हाही थर्मोस्टॅटवरच.

लाल बल्ब मात्र सरळ काढून टाका. सापाला लाल उजेड दिसत नाही ही जुनी समजूत, तिच्यावर विसंबून रात्रभर पेटीत उजेड ठेवणं मला योग्य वाटत नाही. रात्री त्याला अंधार द्या.

मी तुमच्या जागी असतो तर पेटीच्या छताला दिवसासाठी एक हॅलोजन बल्ब लावला असता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत १२ तास. त्याची ऊब उन्हाच्या जास्त जवळची, ती कातडीच्या खाली खोलवर पोचते. रात्रीसाठी सिरॅमिकचा, उजेड न देणारा हीटर. खर्च थोडा वाढतो. एकच घ्यायचा असेल तर सिरॅमिक घ्या, तो रात्रंदिवस चालतो. सापाची प्रकृती त्यावर नीट राहते, फक्त हवा जरा कोरडी होते. सिरॅमिकचा होल्डर चिनीमातीचाच हवा. प्लास्टिकचा होल्डर काही महिन्यांत पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि एक दिवस बल्बासकट खाली येतो.

दोन्हींभोवती जाळीचा पिंजरा हवाच. ‘हा साप चढत नाही’ असं पुष्कळजण सांगतील. बॉल पायथन चढतो. बल्बाला विळखा घातलेला साप मी पाहिला आहे आणि त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहवत नाही. पिंजरा छताला स्क्रूनं घट्ट बसवा, त्याची जाळी बल्बापासून दूर राहील इतका मोठा घ्या, आणि जाळीतून सापाचं डोकं जाणार नाही हे बघा.

आता थर्मोस्टॅट. दुकानात तीन प्रकार मिळतील आणि चुकीचा घेतला तर नुसता पैसा वाया जातो. साधा ऑन-ऑफ मॅटसाठी असतो. तो बल्बाला लावला तर बल्ब दिवसभर फटाफट पेटतो-विझतो, सापाला त्रास आणि बल्ब लवकर जातो. सिरॅमिकसाठी पल्स प्रकारचा, तो विजेचे छोटे छोटे ठोके देऊन ऊब सारखी ठेवतो. हॅलोजनसाठी डिमिंग, तो बल्ब मंद-तेज करतो. दोन वेगळ्या वाहिन्या असलेला, दिवस-रात्रीचं वेळापत्रक लावता येणारा एकच थर्मोस्टॅटही मिळतो. तुम्ही हॅलोजन आणि सिरॅमिक दोन्ही घेणार असाल तर तो घ्या, पण त्याच्या एका वाहिनीवर डिमिंग आणि दुसरीवर पल्स निवडता येतं का हे खोक्यावर वाचूनच. किती वॅटचा भार पेलतो तेही तिथेच लिहिलेलं असतं.

प्रोब हा या सगळ्याचा डोळा. माझी गोष्ट त्याच्याच चुकीची होती, म्हणून इथे जरा जास्त बोलतो. प्रोब गरम बाजूच्या भिंतीवर, सापाच्या पाठीच्या उंचीपेक्षा थोडा वर, खिळ्याच्या वायर-क्लिपनी किंवा स्क्रूच्या क्लिपनी बसवा. वायर तीन-चार ठिकाणी पकडलेली हवी, म्हणजे सापानं ओढली तरी टोक हलणार नाही. चिकटपट्टी पेटीत कुठेही नको. प्रोब सुटतो हे एक, आणि पट्टी सापाच्या अंगाला चिकटली तर ओढताना खवले निघून येतात. पाण्याचं भांडं प्रोबपासून लांब, म्हणजे गार टोकाला. अगदी बल्बाखाली प्रोब ठेवू नका आणि गार टोकालाही नको. गार टोकाला ठेवला तर तिथे २६ अंश व्हावेत म्हणून थर्मोस्टॅट गरम टोक भाजून काढेल.

एक गोष्ट नवीन माणसाच्या हमखास लक्षात येत नाही. थर्मोस्टॅटवर तुम्ही जो आकडा लावता तो भिंतीवरच्या प्रोबचा आकडा आहे, सापाच्या अंगाखालच्या फरशीचा नाही. त्यामुळे ‘३३ हवं म्हणून ३३ लावलं’ असं करू नका. ३० वर लावा, दोन तास थांबा, इन्फ्रारेड थर्मामीटरनं फरशी मोजा. कमी असेल तर एकेक अंशानं वाढवा. फरशीवर ३३ दिसलं की थर्मोस्टॅटवर २९ असो की ३२, तोच तुमच्या पेटीचा आकडा. शिवाय दोन डिजिटल थर्मामीटर, कमाल आणि किमान लक्षात ठेवणारे, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे येतात ते घेऊ नका, माझ्याकडचे दोन एकमेकांपासून पाच अंशांनी वेगळे होते.

बल्ब किती वॅटचा? इथे लोक ‘असू दे मोठा, थर्मोस्टॅट सांभाळेल’ म्हणून १५० वॅटचा आणतात. उलट विचार करा. थर्मोस्टॅट आज ना उद्या बिघडणार, तो बिघडेल त्या दिवशी पेटी किती तापेल? म्हणून हिवाळ्यातल्या गार रात्रीही पुरेल असा सगळ्यात लहान बल्ब घ्या. तुमच्या आकाराच्या लाकडी पेटीला बहुधा ७५ किंवा १०० वॅट पुरतात. आधी लहान आणा, पुरला नाही तर मोठा घ्या.

याच्याही पुढे एक पायरी आहे आणि घरात मूल असल्यामुळे ती मी सुचवतोच. भिंतीतल्या सॉकेटमध्ये आधी एक साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट लावा, त्यात मुख्य थर्मोस्टॅट, आणि त्यात बल्ब. साध्याचा प्रोब मुख्य प्रोबच्या शेजारी, पण वेगळ्या क्लिपांनी, आणि आकडा चार अंश वर. रोज त्याला काही काम नाही. मुख्य थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला तर मात्र तोच वीज तोडतो. हा सगळा खटाटोप एका बल्बासाठी वाटेल, पण माझ्याकडे ११ वर्षांत दोनदा त्यानं साप वाचवले.

विजेचं थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. पुण्या-मुंबईहून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड ॲडॉप्टर लावून वापरू नका. आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो असतो. व्होल्टेज सारखंच असलं तरी भारतातल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. इथला प्लग फ्यूजचा असतो, आणि १०० वॅटच्या बल्बाला ३ अँपिअरचा फ्यूज पुरून उरतो. १३ चा असेल तर बदलून घ्या. बोर्डाला बोर्ड जोडू नका. वायर प्लगकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली उतरून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे पाणी ओघळलं तर ते झोळातून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरातल्या फ्यूजबॉक्सला आरसीडी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आहे का पाहा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. नसेल तर प्लगमध्ये लावायचा आरसीडी मिळतो. पेटीत हात घालून साफसफाई करताना आधी प्लग काढायचा, हे मुलाला पहिल्या दिवसापासून लावून द्या. आणि पेटीच्या वर पडदे, कपडे, वह्या काही नको.

बाकी पेटीचं फार सांगत नाही. लपायच्या दोन जागा, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला, दोन्ही सारख्या. एकच दिली तर भित्रा साप ऊब सोडून लपण पसंत करतो आणि मग आजारी पडतो. खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे चांगले, देवदाराचा किंवा पाइनचा वासाचा भुसा नको. दमटपणा ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत थोडा वाढवा. लाकडी पेटीचे सांधे मत्स्यपेटीच्या सिलिकॉननं बंद करा, नाहीतर ओल शिरून लाकूड फुगेल. सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत ऊब सुरू करू नका. सरकत्या काचांना कुलूप हवं. या सापाला जोर कमी नाही आणि बाहेर पडलेला साप रेडिएटरच्या मागे सापडतो, तोही भाजलेला.

दगडासारखा दिसणारा, आतून तापणारा हीट रॉक कुणी भेट दिला तर घेऊ नका. सापाच्या पोटाला थेट चटका देण्यासाठी याहून वाईट वस्तू मी पाहिलेली नाही.

उन्हाळ्याचं विसरू नका. थर्मोस्टॅट ऊब थांबवतो, गारवा देत नाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले. त्या दिवशी माझे सगळे बल्ब बंद होते आणि तरी वरच्या मजल्यावरच्या पेट्यांची गार टोकं ३३ वर होती. साप खाली स्वयंपाकघरात आणले, फरशीवर डबे ठेवले. म्हणून पेटी माळ्यावरच्या खोलीत नको, खिडकीसमोर नको, रेडिएटरजवळ नको. साप सतत गार टोकाला किंवा पाण्यात बसून राहतोय असं दिसलं तर आधी थर्मामीटर बघा.

वीज गेली तर घाबरू नका. लाकडी पेटी काही वेळ ऊब धरते. वरून गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. लांबलं तर साप कापडी पिशवीत घालून, पिशवी डब्यात, डब्याबाहेर कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून. त्या काळात खायला घालू नका. ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचत नाही, सडतो आणि साप तो ओकून टाकतो. तसं झालं तर पुढचं खाणं किमान दोन आठवडे बंद.

तुम्ही शेवटी लिहिलंत की पुण्यातल्या भावालाही हे करायचंय. त्याला सांगा, भारतातला साप, मग ती बिनविषारी धामण का असेना, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला साप त्यानं विकत घेऊ नये. तुम्हाला इंग्लंडात या सापासाठी परवाना लागत नाही, पण २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात १६ वर्षांखालच्या मुलाच्या प्राण्याची जबाबदारी पालकांवर आहे. साप मुलाचा असला तरी कायद्यापुढे तुम्ही उभ्या राहणार. आणि ही जबाबदारी लांबपल्ल्याची आहे. अमेरिकेतल्या सेंट लुई प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथननं २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय ६० च्या पुढे असावं असा अंदाज होता. घरातले २०-३० वर्षं सहज जगतात. मुलगा कॉलेजला गेल्यावर थर्मोस्टॅट कोण बघणार, हे आजच त्याच्याशी बोलून ठेवा.

पेटी तयार झाली की सापाशिवाय सात दिवस चालवा. मुलाला एक वही द्या. सकाळी शाळेत जाताना, शाळेतून आल्यावर आणि झोपताना त्यानं गरम टोक, गार टोक, फरशी आणि दमटपणा हे चार आकडे लिहायचे, शिवाय रात्रीचं किमान. पहिल्या दिवशी तुम्ही घरी असताना एक परीक्षा घ्या. मुख्य थर्मोस्टॅटचा प्रोब काढून गार पाण्याच्या पेल्यात धरा, म्हणजे माझ्याकडे जे झालं तेच मुद्दाम घडवून बघा. पेटीसमोरून हलू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर हातात ठेवा. दुसऱ्या थर्मोस्टॅटनं वीज तोडली पाहिजे. फरशी ४० वर जाऊनही त्यानं तोडली नाही तर तुम्ही प्लग काढा, जोडणी तपासा आणि सात दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

सलग सात दिवस आकडे जागेवर राहिले की साप आणा. आल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. आठव्या दिवशी संध्याकाळी, पूर्ण वितळवून कोमट केलेला उंदीर चिमट्यानं द्या. नाही खाल्ला तर उचलून टाकून द्या आणि आठवड्यानं पुन्हा द्या. ही जात खाण्याच्या बाबतीत हटवादी आहे. खाल्ला तर ४८ तास पेटीत हात घालायचा नाही, पण वहीतले आकडे त्या दोन दिवसांतही लिहायचे.